चहाचा कप आणि मत्तञ्ञुता

आपल्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर मुले थोडा वेळ बसून प्रश्न विचारतात. गेल्या वर्षावासात वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, चहात पण एक प्रकारची नशाच असते म्हणतात. मग चहा प्यायल्याने पाचवे शील मोडते का?" सगळे हसले. मीही हसलो, कारण त्या वेळी माझ्या हातात सकाळचा तिसरा कप होता. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्या मुलाला त्या दिवशी मी धड उत्तर देऊ शकलो नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा वाटले, तेच उत्तर नीट अभ्यास करून द्यावे.

पहिला भाग सोपा आहे. पाचव्या शीलात आपण सुरा, मेरय आणि मद्य यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतो, आणि ती का घ्यायची हेही तेथेच सांगितलेले आहे. ही पेये प्रमादाला कारण होतात. प्रमाद म्हणजे भान सुटणे, आपण काय बोलतो आणि काय करतो याची शुद्ध न राहणे. दारू प्यायलेला माणूस घरी येऊन काय करतो हे आपल्या वस्तीला सांगायला नको. चहाने तसे होत नाही. उलट जपानमध्ये एइसाई नावाच्या झेन भिक्खूने १२११ साली चहा आणि आरोग्य या विषयावर एक ग्रंथच लिहिला, आणि ध्यानाला बसताना झोप येऊ नये म्हणून तिकडील विहारांतून चहा घेतला जात असे. तेव्हा चहाने शील मोडत नाही, हे निःशंकपणे सांगता येईल.

पण धम्मात फक्त शील मोडले की नाही एवढाच विचार नाही. 'भोजने मत्तञ्ञुता' असा एक शब्द पाली वाङ्मयात वारंवार येतो. खाण्यापिण्यात मात्रा ओळखणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे पदार्थ वाईट नसला तरी किती, केव्हा आणि कशासाठी हे माहीत असले पाहिजे. चहाच्या बाबतीत आपला दोष तेथे आहे. आपण दिवसाला किती चहा पितो हेच आपल्यापैकी बहुतेकांना सांगता येत नाही. विश्वास बसत नसेल तर आज रात्री आठवून पाहावे. घरचे दोन कप आठवतात, कामावरचे आठवत नाहीत.

'चहा सोडा' असा उपदेश करण्यासाठी हा लेख नाही. आपल्या समाजाला तसा उपदेश करणे मला बरोबरही वाटत नाही. माझे आजोबा सांगत की तालुक्याच्या बाजाराला गेले म्हणजे हॉटेलाच्या बाहेर कोनाड्यात एक कान तुटलेला कप ठेवलेला असे. तो आपल्या लोकांचा. तो स्वतः काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, बाहेर उकिडवे बसून प्यायचा, स्वतः विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. पैसे मात्र इतरांइतकेच. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही असे मुद्दाम लिहावे लागले, आणि १९५५ साली अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा करावा लागला. ज्या समाजाला एका कपासाठी कायद्याचा आधार घ्यावा लागला, त्या समाजात चहा हे नुसते पेय राहत नाही. आपल्या घरी कोण चहा घेतो आणि कोण काहीतरी निमित्त काढून उठतो, हे आपल्या आईबापांनी आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून कोणी घरी आले की आपल्याकडे आधी पाणी, मग चहा, आणि चहा न घेता पाहुणा गेला तर आईला रुखरुख लागते. ती रुखरुख मला खरी वाटते. तिला धक्का न लावता चहा आटोक्यात कसा ठेवावा, एवढाच प्रश्न आहे.

एक गोष्ट जाता जाता. चहा ही काही आपली पिढीजात चाल नाही. १९०३ साली ब्रिटिश सरकारने परदेशी जाणाऱ्या चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने, कोळशाच्या खाणी येथे चहाचे ठेले उभे राहिले. थकलेला कामगार चहा प्यायल्यावर पुन्हा यंत्रापुढे उभा राहतो, हे मालकांच्या ध्यानात आले होते. आपले आजे-पणजे खेड्यातून मुंबईच्या गिरण्यांत आले आणि रातपाळीबरोबर चहा शिकले. भूक मारायला आणि झोप मारायला चहा, ही सवय त्या काळची आहे. गिरण्या गेल्या, सवय राहिली.

आता चहात असते काय ते पाहू. चहा आणि कॉफी या दोन्हींतील तरतरी आणणारे द्रव्य एकच, त्याला कॅफीन म्हणतात. रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. कॉफीच्या त्या बिया त्याला महाकवी गटे याने दिल्या होत्या, ही गंमतीची गोष्ट. कॅफीन कोला पेयांत असते, चॉकलेटमध्ये थोडे असते, हल्ली मुले डब्यातून पितात त्या एनर्जी ड्रिंकमध्ये असते, आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही असते.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. ते मेंदूतील ठराविक जागांवर जाऊन बसले की आपल्याला पेंग येते. कॅफीनची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच जागा अडवून बसते. अ‍ॅडेनोसिन साठतच असते, पण त्याला बसायला जागा मिळत नाही, म्हणून आपल्याला थकवा जाणवत नाही. थकवा गेलेला नसतो, हे लक्षात घ्यावे. मी बँकेत काम करतो म्हणून मला ते उचल घेतल्यासारखे वाटते. खात्यात पैसे नसताना आजचा खर्च भागतो, पण रक्कम कोठे जात नाही, ती नावे पडलेली असते. कॅफीन उतरले की साठलेली पेंग एकदम अंगावर येते, आणि आपण पुन्हा कप हातात घेतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि तीच बहुतेकांना माहीत नसते. चहा प्यायल्यावर पाऊण-एक तासात कॅफीन रक्तात भरपूर झालेले असते, पण ते जायला फार वेळ लागतो. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफीन जायला साधारण ५ तास लागतात. कोणाला ३, कोणाला ७ किंवा त्याहूनही जास्त, हा ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा भाग. समजा संध्याकाळी ५ वाजता एका कपातून ६० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेले. रात्री १० वाजता त्यातले ३० शिल्लक असते आणि पहाटे ३ वाजता १५. एका कपाचे हे झाले. पाच, सात आणि नऊ वाजता असे तीन कप घेणाऱ्याने आपली बाकी स्वतः मांडून पाहावी. "मला चहा प्यायलो तरी झोप लागते" असे पुष्कळ जण सांगतात. झोप लागते हे खरे, पण ती तुटक आणि उथळ होते. झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप एक तासापेक्षा जास्त कमी झाली, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. ही मात्रा मोठी आहे, पण दिवसभर चहा घेणारा माणूस तिच्या जवळ जाऊ शकतो.

मग किती चालेल? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये असे सांगितले आहे. त्यांच्या हिशेबाने एका वेळच्या चहात ३० ते ६५, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टरच्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी ४०० ही मर्यादा धरली आहे, आणि गरोदर स्त्रियांसाठी २००. आपण आपल्या देशाचा आकडा धरावा.

पण कपाच्या मापाने आपला हिशेब लागत नाही. टपरीवरचे कटिंग, घरचा पितळी पेला, कार्यालयातला कागदी कप, सगळ्यांची मापे निराळी. शिवाय आपण पावडर पाण्यात खळखळ उकळतो, त्यामुळे कॅफीन कपाच्या आकारावर नसून पावडरीवर ठरते. म्हणून मी एक गृहिणींचा हिशेब सुचवतो, वाण्याच्या यादीवरून करायचा. चहाच्या कोरड्या पावडरीत साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असते, आपण ३ धरू. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला अर्धा किलो पावडर लागत असेल, तर ५०० ग्रॅमचे ३ टक्के म्हणजे १५ ग्रॅम, म्हणजेच १५,००० मिलिग्रॅम. भागिले ३० दिवस, रोजचे ५००. भागिले ४ माणसे, प्रत्येकी १२५. सगळेच काही पावडरीतून उतरत नाही, म्हणजे प्रत्यक्षात थोडे कमीच. हे ठीक आहे. पण एक किलो पावडर लागत असेल आणि पिणारे तिघेच असतील, तर तोच आकडा माणशी ३३३ होतो, आणि त्यात बाहेरचा चहा धरलेलाच नाही. माझ्या घरचा हिशेब मी असाच मांडला तेव्हा सौ. म्हणाली, "बँकेतले बॅलन्स मांडता, आता माझ्या डब्याचेही मांडा." पण दुसऱ्या महिन्यापासून यादीत पाव किलो कमी झाला.

साखरेचे दोन शब्द येथेच सांगतो. कपाला दोन चमचे, असे पाच कप म्हणजे दहा चमचे, सुमारे ४५ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आपल्या वस्तीत मधुमेह किती घरांत शिरला आहे ते मी सांगायला नको. पुष्कळ लोकांच्या बाबतीत चहातील कॅफीनपेक्षा साखरच अधिक घातक ठरत असेल, असे माझे मत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी खरे म्हणजे मी हा लेख हाती घेतला तिच्याकडे येतो. आपल्या घरोघरी सकाळी चहा-चपाती किंवा चहा-भाकरी खाल्ली जाते. मुले खारी, बटर, नाहीतर रात्रीची शिळी चपाती चहात बुडवून खातात आणि शाळेत जातात. कामाला जाणाऱ्या बायका तर दुपारपर्यंत नुसत्या चहावर असतात. चहाने भूक मरते, त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते. ही गरिबीतून आलेली युक्ती आहे, आणि ज्यांनी ती केली त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझ्या आईने आम्हाला असेच वाढवले. तथापि आज ज्यांची परिस्थिती थोडी सुधारली आहे त्यांच्याही घरात ही चाल तशीच राहिली आहे, हे मात्र बोलले पाहिजे.

कारण असे की चहात कॅफीनखेरीज टॅनिनसारखी तुरट द्रव्ये असतात. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले लोह त्या द्रव्यांशी जखडले जाते आणि शरीराला मिळत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला असता लोह शोषले जाण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले, असे काही प्रयोगांत दिसून आले आहे. आपला आहार बहुतांशी धान्याचा आणि भाजीचा, त्यामुळे आपल्याला याची झळ अधिक बसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रात ५४ टक्के. रक्तक्षयाला कारणे अनेक आहेत, एकट्या चहावर खापर फोडणे बरोबर नाही. पण ताटात आधीच लोह थोडे, आणि तेही चहाबरोबर वाया घालवायचे, हा तोट्याचा व्यवहार झाला.

आमच्या चाळीतील एका बाईंना गरोदरपणात आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळत होत्या. त्या रोज न चुकता घेत, पण गोळीने मळमळते म्हणून चहाच्या घोटाबरोबर घेत. तीन महिने झाले तरी रक्त वाढेना. नर्सबाईंनी विचारपूस केली तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. "मावशी, गोळी चहाबरोबर नाही, लिंबू पाण्याबरोबर घ्या," एवढेच त्यांनी सांगितले, आणि कोणत्या वेळी घ्यायची तेही ठरवून दिले. ही माहिती गोळ्या देतानाच मिळाली असती तर तीन महिने वाचले असते. म्हणून आपल्या महिला मंडळाला माझी विनंती आहे की हे वाक्य घरोघरी पोहोचवावे. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर, जेवणाआधी आणि जेवणानंतरही. पोषण संस्थेचा सल्लाही तोच आहे. ताटात लिंबाची फोड किंवा आवळा असेल तर लोह अधिक मिळते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-कॉफीबरोबर नाही.

गरोदरपणी आणखी एक काळजी. शेवटच्या महिन्यांत स्त्रीच्या शरीरातून कॅफीन जायला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. दिवसाला दोन लहान कप पुरेत. लहान मुलांना तर चहाची गरजच नाही. २० किलो वजनाच्या मुलासाठी युरोपातील त्याच संस्थेने दिवसाला ६० मिलिग्रॅम ही कमाल धरली आहे, म्हणजे एक कडक कप झाला की मर्यादा संपली. चहाच्या जागी नाचणीची आंबील, ताक किंवा दूध द्यावे. ते न जमल्यास चपातीबरोबर गूळ-शेंगदाणे द्यावेत. खर्चात फार फरक पडत नाही, मी करून पाहिले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, म्हणून त्यांच्या जयंतीला ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. आपल्या अभ्यासिकेतही होतो आणि तो झालाच पाहिजे. गेल्या वेळी मी व्यवस्थेला होतो. सकाळी ६ ते रात्री १२. चहाचे थर्मास संपत नव्हते. शेवटचा थर्मास रात्री साडेदहाला आला. मुले १२ वाजता उठली, एकमेकांना जयभीम करून घरी गेली, आणि नंतर कळले की त्यांतली निम्मी पहाटे ४ पर्यंत टक्क जागी होती. एका मुलाच्या छातीत धडधड सुरू झाली, त्याला दवाखान्यात न्यावे लागले. काही निघाले नाही, पण त्याच्या आईचा जीव टांगणीला लागला. त्या मुलाने चहाखेरीज एनर्जी ड्रिंकचे तीन डबेही घेतले होते. २०१६ च्या नियमांनुसार अशा पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. म्हणजे पाव लिटरच्या एका डब्यात ७५ पर्यंत, तीन डब्यांचे २२५, वर दिवसभराचा चहा. मुलांनी व गरोदर स्त्रियांनी घेऊ नये, असे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते वाचायला चष्मा लागतो, हा भाग वेगळा.

स्पर्धा परीक्षेची मुले वर्षभर असाच क्रम ठेवतात, हे माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. रात्री २ पर्यंत चहाच्या जोरावर वाचायचे, सकाळी ६ ला डोके जड, म्हणून पुन्हा चहा. वाचलेले लक्षात पक्के होण्याचे काम झोपेतच होत असते. ती झोप तोडून वाचलेली पाने डोळ्यांखालून जातात, डोक्यात राहत नाहीत. ज्या मुलाच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आहेत, त्याला रात्रीचीच शांतता मिळते, हे मला माहीत आहे. मीही तसाच शिकलो. त्याला "लवकर झोप" असे सांगणे सोपे आहे. म्हणून अभ्यासिका पहाटे ५ ला उघडावी असा माझा आग्रह आहे, आणि किल्ली सांभाळायची माझी तयारी आहे.

चहा कमी करायचा म्हटल्यावर पहिली अडचण येते ती डोकेदुखीची. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काउंटरवर बसून मी दिवसाला आठ कप घेत असे. मार्चअखेरीला तर मोजत नसे. एकदा दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. तेथे सकाळी न्याहारीला आणि संध्याकाळी ५ वाजता, असा दोनदाच चहा. दुसऱ्या दिवशी दुपारपासून कपाळ असे ठणकू लागले की मला वाटले, साधनेने जुने संस्कार वर येत आहेत. मोठ्या गांभीर्याने मी ते सहन केले. चौथ्या दिवशी आपोआप थांबले. पुढे वाचनात आले की कॅफीन एकदम तोडले की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, चिडचिड, मरगळ सुरू होते, एक-दोन दिवसांत शिगेला जाते आणि दोन ते नऊ दिवसांत निवळते. माझे संस्कार जागच्या जागी होते, वर आला होता तो चहा.

म्हणून एकदम तोडू नये. यावर संयुक्त निकायातील कोसलराजा पसेनदीची कथा मला फार उपयोगी वाटते. राजा द्रोणभर भात खात असे आणि जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही. मात्रेने जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि आयुष्य राखले जाते, अशा आशयाची एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली, आणि आपण जेवायला बसलो की ती म्हणायची, त्याबद्दल रोज शंभर कहापण द्यायचे ठरवले. राजा क्रमाक्रमाने, पायरीपायरीने, एका नाळीभर भातावर आला. त्याचे शरीर हलके झाले. या कथेत 'क्रमाक्रमाने' हाच शब्द महत्त्वाचा. वेळेवर आठवण देणारे माणूस हवे, हेही त्यात आले. शंभर कहापण आपल्याला परवडणार नाहीत, पण माझ्या घरी हे काम माझी धाकटी मुलगी फुकट करते. "पप्पा, चार वाजून गेले," एवढे तिने म्हटले की पुरते.

मी केले ते असे. पहिल्या आठवड्यात आठाचे सहा, तिसऱ्या आठवड्यात चार, आता तीन. दुपारी ४ नंतर चहा नाही. कोणाकडे गेलो तर 'नको' म्हणत नाही, 'अर्धा द्या' म्हणतो, म्हणजे घरच्या माउलीचाही मान राहतो. खरे तर कटिंग ही मुंबईकरांनी शोधून काढलेली मत्तञ्ञुताच आहे. घरी पावडरीचा चमचा बदलून लहान ठेवला. कपांची संख्या तीच, घरात कोणाला फरक कळला नाही. संध्याकाळी पाहुणे आले तर नुसती गवती चहाची पात, आले आणि थोडा गूळ उकळून देतो. पावडर घातली नाही तर त्यात कॅफीन नसते. ज्यांना रक्तदाब, हृदयाचे ठोके चुकणे किंवा आम्लपित्त आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच मात्रा ठरवावी. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्या उपासकांचे डोके दुपारनंतर दुखते, त्यांनीही आदल्या दोन-तीन दिवसांपासून चहा थोडा थोडा कमी करून पाहावा.

येत्या १४ एप्रिलच्या १८ तासांसाठी मी कार्यकारिणीला लेखी सूचना दिली आहे. चहा सकाळी ७, ११ आणि दुपारी ३ वाजता, असा तीनदाच. दुपारच्या जेवणाबरोबर लिंबू पाणी, चहा नाही. संध्याकाळी ताक आणि भाजलेले शेंगदाणे, रात्री ८ वाजता खिचडी. दर तीन तासांनी दहा मिनिटे सर्वांनी उठून मैदानाला फेरी मारायची. एनर्जी ड्रिंकचे डबे फाटकाबाहेर. एका सभासदांनी हरकत घेतली, "तीनच चहा ठेवले तर मुले येणार नाहीत." सूचना पुढच्या बैठकीत मतास यायची आहे. ज्याने पाचव्या शीलाचा प्रश्न विचारला होता, त्या मुलाने दुपारच्या ताकाची जबाबदारी आपल्याकडे घेतली आहे.